बेसवर कोण उभं होतं

माझ्या कपाटात एका बेसबॉल सामन्याच्या हिशोबाचा कागद आहे. जाडसर, पिवळा पडलेला, घडीवर विरत चाललेला. त्यावर पेन्सिलीने आखलेले चौकोन आहेत आणि प्रत्येक चौकोनात शंकरपाळ्याच्या आकाराचं एक छोटं चित्र. काही शंकरपाळी गिरवून काळी केलेली, काहींची एखादीच बाजू काढलेली, बाकीची कोरी. वरच्या ओळीत इनिंगचे, म्हणजे खेळाच्या पाळ्यांचे, आकडे आहेत. १, २, ३. त्यापुढचा ४ खोडून तिथे पुन्हा ३ लिहिलंय. कोपऱ्यात तारीख आहे, २३ एप्रिल १९९९.

त्या वर्षी जानेवारीत आम्ही सेंट लुईसला आलो होतो. नवरा वाय-टू-केच्या कामावर. जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी सालं शोधून दुरुस्त करायची, आणि तेही रात्री, कंपनीचे व्यवहार थंडावल्यावर. मी सांगलीला आठ वर्षं शाळेत गणित शिकवून आले होते आणि माझ्या व्हिसावर मला नोकरी करायची परवानगी नव्हती. संध्याकाळी सातला त्याचा डबा भरून दिला की सकाळपर्यंत मी एकटी. बाहेर बर्फ, आत हीटरचा आवाज. त्या दिवसांत मला कुणाचा तरी आवाज हवा असायचा.

तो भिंतीपलीकडून आला. शेजारच्या आजींच्या घरात एप्रिल उजाडला तसा रोज रात्री रेडिओ सुरू झाला. दारावर टकटक करून मी विचारलं, हे काय चाललंय? त्यांनी मला आत बोलावून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि हातात एक पेन्सिल दिली. सेंट लुईस कार्डिनल्स हा त्यांचा संघ. ऐंशीच्या घरातल्या त्या बाई एकही सामना चुकवत नसत, आणि प्रत्येक सामन्याचा हिशोब कागदावर मांडत.

मला बेसबॉल समजला तो या हिशोबातून. बेसबॉलचं मैदान म्हणजे टोकावर उभा केलेला चौकोन. खालच्या टोकाला होम प्लेट, तिथे बॅटर. उरलेल्या तीन कोपऱ्यांत तीन बेस. चेंडू मारायचा, पळत पहिल्या बेसवर जायचं. पुढच्याने मारला की आपण पुढे सरकायचं. तिन्ही बेस फिरून पुन्हा होम प्लेटवर आलं की एक धाव. कागदावर प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे शंकरपाळ्यांची रांग असते. तो पहिल्या बेसवर गेला की एक बाजू काढायची, दुसऱ्यावर गेला की दुसरी. घरी आला की चारही बाजू पुऱ्या होतात, मग आतून गिरवून काळं करायचं. बेसवरून घरी येण्याला ते लोक खरोखरच घरी येणं म्हणतात, आणि तेव्हा मला त्या शब्दाने घशाशी काहीतरी दाटून यायचं.

होम रन म्हणजे चेंडू कुंपणापार. मारणारा सगळे बेस फिरून येतो, त्याचं शंकरपाळं एका दमात काळं. पण त्या वेळी बेसवर जे उभे असतात, तेही त्याच्यापुढे चालत घरी येतात. त्यामुळे कागदावर एका होम रनने वेगवेगळ्या ओळींतली अर्धवट शंकरपाळी पुरी होतात. बेस रिकामे असतील तर एक धाव. एक जण असेल तर दोन, दोघं असतील तर तीन. तिन्ही बेस भरलेले असतील तर चार, आणि त्याला ग्रँड स्लॅम म्हणतात.

मी क्रिकेटवर वाढलेली. १० जानेवारी १९८५ला रवी शास्त्रीने वानखेडेवर बडोद्याच्या तिलक राजच्या एका षटकात सहा षटकार मारले, तेव्हा मी शाळेत होते आणि बाबांनी पेपरातली ती बातमी दोनदा मोठ्याने वाचून दाखवली होती. पण षटकार म्हणजे सहा. पलीकडच्या टोकाला कोण उभं आहे, यावर त्याचे पाच किंवा सात होत नाहीत. बेसबॉलमध्ये तसाच फटका, तितकाच लांब, एका धावेचा होतो किंवा चार धावांचा, आणि ते ठरतं मारणाऱ्याच्या आधी कोण येऊन गेलं यावरून. गणिताच्या बाईला ही गोष्ट फार आवडली. आजही बेसबॉलमधली सगळ्यात देखणी गोष्ट मला हीच वाटते.

तर तो शुक्रवार. सामना लॉस एंजेलिसला डॉजर्सच्या मैदानावर होता. तिकडचं घड्याळ दोन तास मागे, त्यामुळे आमच्याकडे रात्र बरीच झाली होती. नवरा कामावर. मी मूगडाळीच्या खिचडीचं पातेलं घेऊनच आजींकडे गेले होते, आणि त्यांनी ती चमच्याने, अगदी हळूहळू, आवडीने खाल्ली. डॉजर्स २-० पुढे होते. त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, चॅन हो पार्क, दक्षिण कोरियाचा. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉलमध्ये, खेळणारा पहिला कोरियन.

तिसरी इनिंग सुरू झाली. डॅरेन ब्रॅगने हिट मारली. एडगर रेंटेरियाला चेंडू अंगावर लागला, म्हणून तो पहिल्या बेसवर. मार्क मॅग्वायरने हिट मारली. तिन्ही बेस भरले, अजून एकही बाद नाही. मग आला फर्नांडो टाटीस. चोवीस वर्षांचा, डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सॅन पेद्रो दे माकोरीसचा, उसाच्या मळ्यांच्या आणि बेसबॉलपटूंच्या गावचा. त्याने चेंडू डाव्या कुंपणाबाहेर घालवला. ग्रँड स्लॅम. ४-२. आजींनी चार शंकरपाळी गिरवली, शांतपणे, एकेक करून, बाजू ओलांडू न देता.

पुढे एली मरेरोचा होम रन झाला, तेव्हा बेस रिकामे होते. मग वॉक (पिचरने चार वाईट चेंडू टाकले की बॅटर चालतच पहिल्या बेसवर जातो), एक चूक, एक हिट, आणि धावा वाढत गेल्या. पार्क अजून मैदानातच. नऊच्या नऊ बॅटर होऊन पुन्हा ब्रॅगची पाळी आली तेव्हा कागदावरचा तिसरा रकाना संपला. एका इनिंगमध्ये एका खेळाडूला एकच चौकोन, त्याने दुसऱ्यांदा यावं अशी सोयच नाही. आजींनी चौथ्या रकान्यावरचा ४ खोडला आणि तिथे ३ लिहिलं. त्या म्हणाल्या, "आता पुढच्या सगळ्या इनिंग एक घर उजवीकडे सरकणार." त्यांचा हात जरा थरथरत होता. तो वयामुळे की आणखी कशामुळे, मला सांगता येणार नाही.

पुन्हा तिन्ही बेस भरले. आणि बॅट घेऊन आला मॅग्वायर.

आदल्या वर्षी, १९९८ साली, या माणसाने एका मोसमात ७० होम रन मारले होते. सदतीस वर्षं टिकलेला रॉजर मॅरिसचा ६१ चा विक्रम त्याने मोडला होता आणि सगळं सेंट लुईस त्याच्यासाठी वेडं झालं होतं. (उत्तेजकं घेत होतो हे त्याने २०१० साली कबूल केलं. आजी तेव्हा नव्हत्या, आणि मला त्याचं बरं वाटलं.) त्या रात्री बेस भरलेले असताना त्याचा फटका उंच उडाला आणि झेल गेला. बेसवरचे तिघं होते तिथेच राहिले. रेडिओवर हजारो लोकांचा एकत्र सुस्कारा ऐकू आल्यासारखं झालं.

मी नंतर त्या क्षणावर पुष्कळ विचार केला. मॅग्वायरने होम रन मारला असता, तर बेस रिकामे झाले असते. नुसती हिट मारली असती, तरी निदान एक जण घरी आला असता आणि मग गोष्ट त्याच्या नावाने सांगितली गेली असती. तो झेलबाद झाला, आणि तोही इतक्या आखूड फटक्यावर की कुणालाच पळता आलं नाही, म्हणून टाटीससाठी तिन्ही जागा जशाच्या तशा भरलेल्या राहिल्या.

टाटीसने पुन्हा कुंपणापार घालवला. तोच पिचर, तीच इनिंग, पुन्हा चार. ११-२.

मेजर लीगच्या इतिहासात दोन लाखांहून अधिक सामने झाले आहेत. एका सामन्यात दोन ग्रँड स्लॅम आजवर तेरा खेळाडूंनी मारले. त्यातला एक तर पिचर होता, अटलांटाचा टोनी क्लोनिंजर, १९६६ साली. पण एकाच इनिंगमध्ये दोन ग्रँड स्लॅम मारणारा टाटीस एकटाच. एका इनिंगमध्ये एकट्याच्या फटक्यांवर आठ धावा, हाही विक्रम त्याचाच. ब्रॅग आणि रेंटेरिया दोन्ही वेळा बेसवर होते. कागदावर त्यांच्या ओळीत शेजारी शेजारी दोन काळी शंकरपाळी आहेत, एक तिसऱ्या रकान्यात आणि एक खोडून केलेल्या तिसऱ्यात.

सामना संपेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली. कार्डिनल्सनी तो १२-५ असा जिंकला. आजींनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. त्यांनी तेव्हा सांगितलं ते असं. त्यांचे यजमान मोटारींच्या कारखान्यात रात्रपाळीला असत. सामना ऐकता येत नसे. म्हणून आजी रेडिओ लावून हिशोब मांडत आणि कागद न्याहारीच्या ताटलीखाली ठेवत. ते कामावरून आले की कॉफी पीत सगळा सामना त्या कागदावरून वाचून काढत. आता ते नव्हते, पण हात थांबत नव्हता. "उद्या तुझ्या नवऱ्याला दाखव," त्या म्हणाल्या.

सकाळी नवरा आला. डोळे लाल, बूट काढायचंही त्राण नाही. मी कागद टेबलावर पसरला आणि बोट ठेवून एकेक चौकोन सांगत गेले. त्याला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे त्याला सांगण्यासारखं काहीतरी होतं, आणि तो चहा गार होईपर्यंत ऐकत राहिला.

त्या उन्हाळ्यात आजींनी मला कार्डिनल्सच्या जुन्या गोष्टी सांगितल्या. त्यांतली माझी सगळ्यात आवडती मार्क व्हायटनची. ७ सप्टेंबर १९९३, सिनसिनाटीला एकाच दिवशी दोन सामने. पहिला कार्डिनल्स १४-१३ असे हरले आणि शेवटी व्हायटनच्या हातून झालेली चूक महागात पडली. दुसऱ्या सामन्यात त्याच माणसाने चार होम रन मारले. एका सामन्यात चार हीच मोठी दुर्मीळ गोष्ट. आज, २०२५ च्या मोसमानंतरही, मेजर लीगमध्ये असे फक्त एकवीस जण आहेत. होम रनसाठी गाजलेल्या बेब रूथला ते कधी जमलं नाही, हँक ॲरनलाही नाही. व्हायटनच्या त्या चार फटक्यांवर धावा झाल्या बारा. चार, तीन, तीन आणि दोन. बाराचा विक्रम १९२४ पासून कार्डिनल्सच्याच जिम बॉटमलीच्या नावावर होता, त्याची बरोबरी झाली.

चार, तीन, तीन, दोन. आजींनी हे आकडे सांगितले आणि माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. मी विचारलं, कुणी चार, तीन, दोन आणि एक, असे चारही प्रकार एकाच सामन्यात मारलेत का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठल्या आणि आतून वर्तमानपत्राचं एक कात्रण घेऊन आल्या.

२७ जुलै १९९८. सगळं शहर मॅग्वायरचे होम रन मोजत होतं, तेव्हा कार्डिनल्सच्याच खालच्या संघात, आर्कान्सा ट्रॅव्हलर्समध्ये, टायरोन हॉर्न नावाचा खेळाडू टेक्ससमध्ये सॅन अँटोनियोला खेळत होता. डबल-ए म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालचा खेळ. बसचे लांब प्रवास, तुटपुंजा पगार. हॉर्नने त्या रात्री पहिल्या इनिंगला दोन धावांचा होम रन मारला, दुसऱ्या इनिंगला ग्रँड स्लॅम, पाचव्याला एका धावेचा आणि सहाव्याला तीन धावांचा. चारही प्रकार एका सामन्यात. याला होम रन सायकल म्हणतात. व्यावसायिक बेसबॉलमध्ये असं पूर्वी कुणी केल्याची नोंद नव्हती. मेजर लीगमध्ये तर आजपर्यंत झालेलं नाही.

हॉर्न पुढे मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. वर्षानुवर्षं खालच्या लीगमध्ये खेळला आणि थांबला. ज्या गोष्टीपर्यंत रूथ, ॲरन आणि बॅरी बाँड्ससारखे दिग्गज पोचले नाहीत, ती करून दाखवलेला माणूस वरच्या दारातून कधी आत गेला नाही. मला याचं वाईट वाटतं, आणि ते अजून कमी झालेलं नाही.

या सायकलचं गणित मी पुढे कितीदा तरी मांडलं. चार होम रन तर हवेतच. पण त्याबरोबर पहिल्या खेपेला समजा एक जण बेसवर हवा, दुसऱ्या खेपेला तिघं, मग कुणीच नको, मग दोघं. एकूण सहा माणसं, बरोबर सहा, आणि चार खेपांत बरोबर वाटलेली. बॅटरच्या हातात फक्त फटका. बाकीचं सगळं त्याच्या आधी आलेल्यांनी केलेलं: कुणी चार वाईट चेंडू सोडून चालत बेसवर गेलेला, कुणी चेंडू अंगावर घेतलेला. आणि एका खेपेला तर सगळ्यांनी बाद व्हायला हवं, किंवा आधीच घरी येऊन गेलेलं असावं, म्हणजे बेस रिकामे मिळतील. व्हायटनला नेमकी तीच खेप मिळाली नाही. त्या रात्री त्याचे साथीदार इतके चांगले खेळत होते की चारही वेळा कुणी ना कुणी बेसवर होतंच.

६ जून २०१७ला स्कूटर जेनेटही या सायकलच्या अगदी जवळ गेला. सिनसिनाटीत जन्मलेला, तिथल्याच रेड्स संघाचा लहानपणापासून चाहता. त्या वसंतात मिलवॉकीने त्याला सोडून दिलं आणि रेड्सने उचललं. त्या सामन्याआधी त्याच्या सलग एकोणीस खेपा रिकाम्या गेल्या होत्या. समोर कार्डिनल्स. तिसऱ्या इनिंगला ग्रँड स्लॅम, चौथ्याला दोन धावांचा, सहाव्याला एका धावेचा. आठव्याला बॅट घेऊन आला तेव्हा फक्त तीन धावांचा उरला होता. त्यासाठी बेसवर दोघं हवे होते. होता एकच. जेनेटने कुंपणापार मारला, पण दोनच धावा झाल्या. सायकल एका माणसाने हुकली. मी तेव्हा पुण्यात परत आलेली, आणि सकाळी हे वाचताना गॅसवरचं दूध उतू गेलं.

आणि ज्याच्यावर हे फटके बसतात, त्याचं काय? तिलक राजचं नाव शास्त्रीच्या नावाला चिकटलेलं राहिलं. चॅन हो पार्कलाही हेच सोसावं लागलं, आणि २००१ साली बॅरी बाँड्सने मॅग्वायरचा ७० चा विक्रम मोडला, तो एकाहत्तरावा होम रनही पार्कच्याच चेंडूवर. पण पार्क मेजर लीगमध्ये १७ मोसम खेळला आणि १२४ सामने जिंकून थांबला. आशियात जन्मलेल्या कुठल्याही पिचरचे तिथे इतके विजय नाहीत. त्या इनिंगमध्ये दुसऱ्या ग्रँड स्लॅमपर्यंत व्यवस्थापकाने त्याला बाहेर काढलं नाही आणि तो चेंडू टाकत राहिला. माझ्या कागदावर पिचरसाठी शंकरपाळी नाहीत. खाली एका ओळीत फक्त त्याचं नाव.

टाटीस पुढे दुखापतींत अडकला आणि काही वर्षं खेळातून बाहेर होता. २००६ मध्ये तो परत आला, ते त्याच्या गावात चर्च बांधायला पैसे हवे होते म्हणून. त्या एप्रिलच्या रात्री त्याचा मुलगा चार महिन्यांचाही नव्हता. तोच फर्नांडो टाटीस धाकटा आज सान दिएगोकडून खेळतो.

१० ऑगस्ट २०२२ची बातमी मला पुण्यात दुसऱ्या दिवशी कळली. टेक्ससमध्ये ॲमरिलोला, स्प्रिंगफील्ड कार्डिनल्सच्या चँडलर रेडमंडने पाचव्या इनिंगला दोन धावांचा होम रन मारला, सहाव्याला ग्रँड स्लॅम, सातव्याला एका धावेचा आणि आठव्याला तीन धावांचा. सलग चार इनिंग. पुन्हा डबल-ए, पुन्हा टेक्सस, पुन्हा कार्डिनल्सच्याच घरातला संघ. हॉर्ननंतर चोवीस वर्षांनी दुसरा. वाचल्या वाचल्या भिंतीवर टकटक करून कुणाला तरी सांगावं असं झालं.

मग मी मुलाच्या चित्रकलेच्या वहीतलं एक पान फाडलं, पट्टीने चौकोन आखले आणि आत शंकरपाळी काढली. रेडमंडची ओळ सोपी होती, पाच, सहा, सात, आठ. पण ती गिरवण्याआधी इतरांच्या ओळींतली सहा पुरी करायला हवी होती, कारण ते त्याच्यापुढे चालत घरी आले होते. मी चष्मा लावला, पेन्सिलीला टोक केलं आणि पाचव्या इनिंगला पहिल्यांदा बेसवर कोण उभं होतं ते शोधायला बसले.